सँटोरिओंची खुर्ची आणि न दिसणारा घाम

आधी एक छोटा प्रयोग. घरी डिजिटल वजनकाटा असेल तर रात्री झोपण्याआधी वजन करा आणि आकडा फोनमध्ये लिहून ठेवा. सकाळी उठल्या उठल्या, पाणी पिण्याआधी आणि बाथरूमला जाण्याआधी, त्याच कपड्यांत पुन्हा काट्यावर उभे राहा. वजन साधारण दोन-तीनशे ग्रॅमने कमी भरेल. रात्रभर तुम्ही पंख्याखाली गाढ झोपला होतात, अंगाला घामाचा थेंबही नव्हता. मग हे वजन गेलं कुठे?

चारशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका डॉक्टरला याच प्रश्नाने झपाटलं. उत्तरासाठी त्यांनी तराजूला चक्क खुर्ची टांगली, तिच्यात बसून जेवले, आणि हा उद्योग थोडीथोडकी नाही, जवळजवळ ३० वर्षं केला. त्यांचं नाव सँटोरिओ सँटोरिओ. (नाव आणि आडनाव एकच. त्यांच्या भागात घरातल्या थोरल्या मुलाला असं नाव द्यायची पद्धत होती.) आज क्रीमच्या बाटलीवर ‘स्किन बॅरियर’, ‘हायड्रेशन’ असे शब्द दिसतात ना, त्यामागच्या मोजमापाची गोष्ट या खुर्चीपासून सुरू होते.

सँटोरिओंचा जन्म २९ मार्च १५६१ चा, कापोदिस्त्रिया या बंदरातला. आज हे गाव कोपेर नावाने स्लोव्हेनियात आहे. तेव्हा तिथे व्हेनिसचं राज्य होतं. वडील व्हेनिस सरकारच्या नोकरीत, दारूगोळ्याच्या खात्यात. मुलगा हुशार निघाला. व्हेनिसमधल्या मोरोसिनी या बड्या घराण्याच्या मुलांबरोबर त्याचं शिक्षण झालं, १४ व्या वर्षी तो पादुआच्या विद्यापीठात गेला आणि १५८२ मध्ये, म्हणजे २१ व्या वर्षी, डॉक्टर होऊन बाहेर पडला. पुढची काही वर्षं एड्रियाटिक समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यावर प्रॅक्टिस केली. तिथे वाऱ्याचा आणि पाण्याच्या प्रवाहाचा जोर मोजायची उपकरणंही त्यांनी करून पाहिली. मोजण्याची खोड तेव्हापासूनची. १५९९ च्या सुमाराला ते व्हेनिसला आले आणि तिथल्या विद्वानांच्या गोतावळ्यात मिसळले. त्या गोतावळ्यात गॅलिलिओही होता.

आता त्या काळचा दवाखाना डोळ्यांसमोर आणा. डॉक्टर नाडी धरतो आणि म्हणतो, जलद आहे. किती जलद? सांगता येत नाही, कारण मिनिटकाटा असलेलं भरवशाचं घड्याळच नाही. लंबकाचं घड्याळ यायला अजून पन्नासेक वर्षं होती. कपाळाला हात लावून ताप आहे म्हणायचं. किती? तेही अंदाजानेच. सगळा कारभार गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या पुस्तकांवर चाले आणि वाद झाला की कोणाचा अर्थ बरोबर एवढंच बघितलं जाई.

सँटोरिओंना गेलन मान्य होता, ते बंडखोर वगैरे नव्हते. पण जलद म्हणजे किती, हे त्यांना हवं होतं. म्हणून त्यांनी एक साधन केलं, पल्सिलॉजियम. एका दोऱ्याला शिशाचा गोळा. गोळ्याला झोका द्यायचा आणि दोऱ्याची लांबी कमी-जास्त करत झोका रोग्याच्या नाडीशी जुळवायचा. जुळला की पट्टीवर दोऱ्याची लांबी वाचायची. गंमत बघा, वेळेचं एककच हाताशी नव्हतं, म्हणून त्यांनी नाडी चक्क लांबीत मोजली! आजच्या हिशोबात, गोळा जाऊन परत येईपर्यंत एक ठोका धरला, तर मिनिटाला ६० ठोक्यांना दोरा साधारण २५ सेंटीमीटर लागतो आणि १०० ठोक्यांना अवघा ९. घरी दोरा आणि नट-बोल्ट घेऊन करून बघा. नाडीला शंभर सांगणारं स्मार्टवॉच बरोबर आहे का, याचा पडताळा घेता येतो.

तापासाठीही तसंच. काचेच्या नळीला वर फुगा, खालचं टोक पाण्यात. रोग्याने फुगा तोंडात किंवा मुठीत धरायचा. आतली हवा गरम होऊन प्रसरण पावते आणि नळीतलं पाणी खाली सरकतं. हे खेळणं इतरांकडेही होतं. सँटोरिओंनी त्यावर खुणा केल्या: एक टोक बर्फाचं, दुसरं मेणबत्तीच्या ज्योतीचं, आणि मधलं अंतर विभागलेलं. काल पाणी कुठे होतं आणि आज कुठे आहे, हे त्यामुळे लिहून ठेवता येऊ लागलं. माझ्या मते त्यांचा खरा शोध हाच. नुसतं उपकरण नव्हे, कालच्या आकड्याशी आजचा आकडा ताडून बघायची सवय. आपल्या हेल्थ अ‍ॅपमधला तो वर-खाली जाणारा ग्राफ दुसरं काय करतो?

आता खुर्ची. पादुआला १६११ मध्ये त्यांची वैद्यकाचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली (गॅलिलिओ आदल्याच वर्षी पादुआ सोडून फ्लॉरेन्सला गेला होता). पण वजनाचे प्रयोग त्याच्या कितीतरी आधी सुरू झाले होते. कल्पना सोपी होती. गेलनच्या काळापासून वैद्य मानत आले होते की शरीरातून काहीतरी वाफेसारखं सतत बाहेर पडतं, डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही. सगळे मानत होते, पण ते तोलावं असं कोणाला सुचलं नव्हतं. सँटोरिओंनी सरळ जमाखर्च मांडला. खाल्लं-प्यायलं त्याचं वजन करायचं. मल-मूत्राचं वजन करायचं. स्वतःचं वजन करायचं. जमेतून खर्च वजा केला की जे गळतं ते त्या न दिसणाऱ्या घामाचं.

तराजू होता दांडीवर वजन सरकवायचा. त्याची दांडी वर, आणि खाली टांगलेल्या खुर्चीपुढे जेवणाचं टेबल. खुर्ची जमिनीपासून जराशी, बोटभर उंच. किती खायचं ते आधी ठरवून वजन लावलेलं असायचं. तेवढं पोटात गेलं की खुर्ची खाली उतरायची, म्हणजे आता उठा! कॅलरी मोजणाऱ्या अ‍ॅपची ही थोरली बहीण म्हणायला हरकत नाही. या खुर्चीत बसलेल्या सँटोरिओंचं एक चित्र प्रसिद्ध आहे. त्यावरून ते खुर्चीतच राहत, तिथेच झोपत अशा गोष्टी पसरल्या. त्या फार मनावर घेऊ नका. आधी वजन, नंतर वजन, आणि मध्ये काय केलं याची नोंद, एवढ्याने त्यांचं काम भागत होतं.

१६१४ मध्ये व्हेनिसहून त्यांचं पुस्तक निघालं, ‘दे स्टाटिका मेडिसिना’, म्हणजे तराजूचं वैद्यक. सगळं पुस्तक छोट्या छोट्या सूत्रांचं, आणि सूत्रांचे सात भाग: न दिसणारा घाम, हवा-पाणी, खाणं-पिणं, झोप, व्यायाम, संभोग आणि मनाच्या भावना. सगळ्यात गाजलेला हिशोब असा की माणसाने दिवसात ८ पौंड खाल्लं-प्यायलं, तर त्यातले सुमारे ५ पौंड न दिसता उडून जातात. वैद्य मंडळी अवाक झाली. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, युरोपातल्या अनेक भाषांत भाषांतरं झाली. शेदीडशे वर्षं डॉक्टर त्यांच्या नावाने स्वतःला तोलत राहिले.

इथे जरा थांबून आपण तो आकडा तपासू. व्हेनिसमध्ये पौंड दोन प्रकारचे चालत, हलका साधारण ३०० ग्रॅमचा आणि जड ४७७ ग्रॅमचा. हलका धरला तरी ५ पौंड म्हणजे दीड किलो. आजची मोजणी काय सांगते? निरोगी माणसाच्या हाताच्या त्वचेतून दर चौरस मीटरमागे तासाला साधारण ५ ते १० ग्रॅम पाणी उडतं. ८ धरू. मोठ्या माणसाची त्वचा सुमारे १.७ चौरस मीटर. गुणाकार केला की तासाला १३-१४ ग्रॅम, दिवसाला सव्वातीनशे ग्रॅम. श्वासातून जाणारी वाफ जवळपास तेवढीच धरा. म्हणजे एकूण साधारण साडेसहाशे ग्रॅम, आणि सँटोरिओंचा आकडा त्याच्या दुपटीहून जास्त. उन्हाळ्यात कपड्यांनी टिपून घेतलेला खराखुरा घामही त्यात गेला असणार.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. पुस्तकात निष्कर्ष आहेत, पण रोजच्या नोंदी नाहीत. कोणत्या दिवशी किती वजन भरलं याचा एकही तक्ता नाही. १६१५ मध्ये गॅलिलिओला पुस्तक पाठवताना सँटोरिओंनी २५ वर्षांच्या प्रयोगांचा आणि दहा हजारांवर माणसांचा दावा केला. तो तपासणार कसा? त्याच वर्षी फेराराचे डॉक्टर इप्पोलितो ओबिझी यांनी त्यांच्यावर टीकेचं अख्खं पुस्तकच लिहिलं, आणि सँटोरिओंनी पुढच्या आवृत्तीला उत्तर जोडलं. भांडण तिखट होतं, पण कच्ची आकडेवारी काही बाहेर आली नाही. सँटोरिओ मला आवडतात, तरी इथे त्यांच्या बाजूने बोलता येत नाही. आजही एखादी कंपनी नुसता ‘टेस्टेड’ असा शिक्का मारून आकडे लपवते, तेव्हा त्रास तोच होतो.

एका बाबतीत मात्र ते काळाच्या फार पुढे होते. हवा दमट असेल तर घाम कसा उडतो आणि कोरडी असेल तर कसा, हे पाहायला हवं असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी आर्द्रता मोजायचं साधन केलं. भिंतीवर दोन खिळ्यांमध्ये जाड दोरी ताणायची, मध्यावर शिशाचा गोळा आणि मागे खुणांची पट्टी. गावाकडे सुंभाची बाज पाहिली असेल तर हे लगेच कळेल: ओलं झालं की सुंभ आवळतं. तसंच इथे. हवा दमट झाली की दोरी आखडून गोळा वर, कोरडी झाली की सैल होऊन गोळा खाली. म्हणजे त्वचेचा आकडा खोलीच्या हवेवर अवलंबून असतो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. हा धागा लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

पादुआत शेवट गोड झाला नाही. सर खासगी रोग्यांच्या मागे असतात, शिकवण्याकडे लक्ष देत नाहीत, अशी तक्रार काही विद्यार्थ्यांनी केली. आरोप सिद्ध झाला नाही, पण १६२४ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि ते व्हेनिसला परतले. पुढच्याच वर्षी त्यांनी इब्न सिनाच्या ‘कानून’ या ग्रंथावरचं आपलं भाष्य छापलं. त्यात ही सगळी उपकरणं चित्रांसकट आली, म्हणून तर आज ती आपल्याला माहीत आहेत. १६३० मध्ये प्लेगने व्हेनिसची जवळपास एक तृतीयांश माणसं नेली. त्यातून सँटोरिओ वाचले आणि १६३६ मध्ये वारले. लग्न केलं नव्हतं. ज्या चर्चमध्ये त्यांना पुरलं, ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाडून टाकलं.

त्यांचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला, कारण खुर्चीला एक गोष्ट कधीच कळणार नव्हती: वजन गेलं ते त्वचेतून की नाका-तोंडातून? १७९० च्या सुमाराला पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि सेगॅं यांनी ही गाठ सोडवली. सेगॅं स्वतः रबर लावलेल्या रेशमी पिशवीत शिरले आणि पिशवीचं तोंड ओठांभोवती चिकटवून घेतलं. आता त्वचेची वाफ पिशवीत अडकायची, फक्त श्वास बाहेर जायचा. पिशवीत असताना आणि नसताना वजन करून त्यांनी दोन्ही खाती वेगळी केली.

पुढची झेप विसाव्या शतकातली. त्वचेचा सगळ्यात वरचा थर, स्ट्रॅटम कॉर्नियम, जाडीला बहुतेक ठिकाणी १० ते २० मायक्रोमीटर, म्हणजे वहीच्या कागदाच्याही काही भागाएवढा. मेलेल्या पेशी म्हणजे विटा, आणि मधे सेरामाइडसारख्या स्निग्ध पदार्थांचा गिलावा. पाणी आत धरून ठेवतो तो हाच बांध, यालाच स्किन बॅरियर म्हणतात. १९५२ मध्ये अमेरिकेत अर्विन ब्लँक यांनी दाखवलं की या थराचा मऊपणा तेलावर नाही, त्यातल्या पाण्यावर ठरतो. वाळका तुकडा तेलात ठेवला तरी कडकच राहतो, पाणी मिळालं की मऊ पडतो. थंडीत फुटलेल्या टाचांना नुसतं तेल चोळून फारसा फरक का पडत नाही, आणि पाय भिजवून मग तेल लावलं तर का पडतो, ते आता कळलं ना?

मग स्वीडनमध्ये लिंकोपिंगला गर्ट निल्सन यांनी १९७७ मध्ये एक उपकरण मांडलं. एक छोटी पोकळ नळी त्वचेवर उभी धरायची. आत वेगवेगळ्या उंचीवर आर्द्रता आणि तापमानाचे सेन्सर, एक जोडी त्वचेपासून ३ मिलिमीटरवर, दुसरी ९ वर. खालची हवा वरच्यापेक्षा किती दमट आहे, यावरून तिथून किती पाणी उडतंय याचं गणित निघतं. याला ट्रान्सएपिडर्मल वॉटर लॉस, थोडक्यात टीईडब्ल्यूएल म्हणतात. सँटोरिओंना अख्खा माणूस तोलावा लागत होता. इथे मनगटाजवळचा एक रुपयाएवढा तुकडा पुरतो. एक्झिमा असलेल्या जागेवर हा आकडा कित्येक पट चढतो, म्हणजे बांधाला भोकं पडली आहेत.

त्वचेत पाणी किती आहे, हे बघणारं यंत्र वेगळं, कॉर्निओमीटर. आणि त्याचं तत्त्व तुमच्या हातातल्या फोनमध्ये आहे! टचस्क्रीनला बोट कळतं ते विजेच्या धारकतेतल्या बदलावरून, म्हणजे कपॅसिटन्सवरून. कॉर्निओमीटरही तेच मोजतो. पाण्यामुळे कपॅसिटन्स खूप वाढतो, कोरड्या थरामुळे तेवढा नाही, म्हणून आकड्यावरून ओलावा कळतो. पण हा आकडा टक्केवारी नसतो. तो त्या यंत्राचा स्वतःचा एकक असतो, सँटोरिओंच्या दोऱ्याच्या लांबीसारखा. तुमचा कालचा आणि आजचा आकडा ताडायला चालतो, त्यातून त्वचेत इतके टक्के पाणी आहे असं मात्र म्हणता येत नाही.

दोन यंत्रांची गल्लत करू नका. हात धुऊन लगेच कॉर्निओमीटर लावला तर आकडा झकास येईल. बांध फुटका असला तरी येईल! क्रीम लावल्यावर दहा मिनिटांत ओलावा वाढला, म्हणून बॅरियर दुरुस्त झाला असं होत नाही. त्यासाठी टीईडब्ल्यूएल दिवसेंदिवस उतरताना दिसायला हवा.

आणि आता तो आर्द्रतेचा धागा. संशोधनात मोजणी करण्याआधी माणसाला बाह्या वर करून १५ ते ३० मिनिटं नुसतं बसवून ठेवतात. खोलीचं तापमान २० ते २२ अंश, आर्द्रता ४० ते ६० टक्के, पंखा बंद, एसीचा झोत अंगावर नाही. चहा-कॉफी नाही, सकाळपासून क्रीम नाही. कारण कोणी जिना चढून आलं आणि जरासा घाम सुटला, की बॅरियरचा आकडा बिनकामाचा. जुलैतल्या मुंबईत आणि मे महिन्यातल्या नागपुरात काढलेले दोन आकडे शेजारी ठेवण्यात म्हणूनच अर्थ नाही. सँटोरिओंची भिंतीवरची दोरी याच कामासाठी होती.

मग सेल्फी काढून त्वचेचं हायड्रेशन ६२ टक्के सांगणाऱ्या अ‍ॅपचं काय? कॅमेऱ्यात येतो तो परावर्तित प्रकाश. त्यातून लाली, डाग, चकाकी दिसते. चकाकी तेलाची, घामाची की आताच लावलेल्या क्रीमची, हे फोटोत सांगणं अवघड. वाफ तर कॅमेऱ्याला दिसतच नाही आणि खोलीची आर्द्रताही त्याला ठाऊक नसते. तेव्हा अशा आकड्यावर विसंबून आठशे रुपयांचं सीरम मागवण्याआधी विचारा की हे यंत्र नेमकं काय मोजतंय.

ही मोजणी चेहऱ्याच्या चमकेपुरती असती तर मी एवढं लिहिलं नसतं. निल्सन यांचं यंत्र अगदी सुरुवातीला ज्यांच्यावर वापरलं गेलं, त्यांत नुकती जन्मलेली बाळं होती. दिवस पुरे होण्याच्या फार आधी जन्मलेल्या बाळाचा स्ट्रॅटम कॉर्नियम तयारच झालेला नसतो. २५ आठवड्यांच्या बाळाच्या त्वचेतून पहिल्या दिवशी पूर्ण दिवसांच्या बाळापेक्षा कित्येक पट पाणी उडतं, असं स्वीडनमधल्या मोजणीत दिसलं. पाण्याबरोबर उष्णताही जाते. हजार ग्रॅमच्याही आत वजन असलेल्या जिवाला हे झेपत नाही. इनक्युबेटरमधली हवा दमट ठेवली की ही गळती कमी होते, हेही याच मोजणीतून कळलं, आणि आता अशा बाळांना पहिले काही दिवस मुद्दाम दमट हवेत ठेवतात. काही नव्या इनक्युबेटरमध्ये तर गादीखालीच वजनकाटा बसवलेला असतो. बाळाला न उचलता त्याचं वजन कळतं, आणि किती ग्रॅम गेले हे बघून डॉक्टर सलाईनचं प्रमाण ठरवतात.